बारा अंशांचा उतार

माझ्या पहिल्या पत्रकाचं पहिलं परीक्षण पेन्सिलीनं झालं, आणि तेही ज्याच्याविरुद्ध ते लिहिलं होतं त्याच माणसाकडून.

पत्रकाचं नाव होतं 'गल्ली कुणाच्या बापाची?' बजाजनगरातली आमची गल्ली. दोन्ही बाजूंनी कामगारांची रो-हाउसं, मधून सिमेंटचा रस्ता आणि त्या रस्त्यात शेषराव तात्यांचा गेंडा. गेंडा म्हणजे गाडी. कंपनीनं तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण वाळूजपासून कन्नडपर्यंत तिला सगळे गेंडाच म्हणत. चौकोनी थोबाड, गोल डोळे, डोंगर चढायला आणि नाले ओलांडायला बनवलेली, आणि वर्षातले तीनशे दिवस आमच्या गल्लीत नुसती उभी. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि नागरिकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या गटात नुकतीच शिरले होते. फूटपाथ, पाणी, रस्ते. जे सगळ्यांचं आहे आणि कुणीतरी एकट्यानं दाबलंय, ते सगळं आमच्या यादीत. मी लिहिलं, 'एका माणसाच्या शौकानं अर्धी गल्ली गिळली आहे! हे आम्ही किती दिवस सहन करायचं?'

गुलमंडीत रशीदभाईंच्या छापखान्यात शंभर प्रती काढल्या. रशीदभाईंनी मजकूर वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बेटी, गुस्सा थोडा कम करो, मार्जिन थोडा जास्ती रखो. पढनेवाले को सांस लेने को जगा होना ना."

मी राग कमी केला नाही. मार्जिन तर नाहीच नाही.

रविवारी सकाळी प्रत्येक दाराखालून एकेक पत्रक सरकवलं. तात्यांच्याही. ज्याच्याशी लढायचं त्याला अंधारात ठेवायचं नाही, एवढी नीती आमच्यात होती. तासाभरात तात्या आमच्या दारात हजर. काटकुळा माणूस, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि इतरांच्या खिशाला जिथं पेन असतं तिथं सहा इंची स्टीलची पट्टी. मी भांडणाच्या तयारीनंच पुढं झाले.

"हे तू लिव्हलं?"

"हो. मीच."

"गल्ली किती फूट हाय?"

"म्हणजे?"

"अर्धी गिळली म्हनतीस ना? मंग पुरी किती?"

मला माहीत नव्हतं.

"मोजली नाय आन बोंबलली," तात्या म्हणाले. रागानं नाही, डॉक्टर जसा 'ताप आहे' म्हणतो तसं.

त्यांनी खिशातून टेप काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. गल्ली भरली अठरा फूट. गेंडा भरला पाच फूट नऊ इंच. "तिसरा हिस्सा बी नाय. तुझं वाक्य खोटं हाय," तात्यांनी जाहीर केलं. पण ते टेप गुंडाळेनात. गाडी आणि त्यांच्या दारापुढच्या पायऱ्या यांच्यातली फट मोजली: सहा इंच. मग पायऱ्या मोजल्या, ज्या घराच्या हद्दीबाहेर रस्त्यात आल्या होत्या: दोन फूट नऊ इंच. पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं बेरीज केली. मग तीच बेरीज पुन्हा एकदा केली.

"नऊ फूट," शेवटी म्हणाले. "अर्धी. आकडा तुझा बरोबर निघाला, पन चोर चुकला. गाडी एकटी नाय. माझ्या पायऱ्या बी हायेत."

पुढच्या रविवारी तात्यांनी घण आणून स्वतःच्या दारापुढच्या पायऱ्या स्वतः फोडल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची नोटीस नव्हती. मी आजवर किती पत्रकं काढली त्याचा हिशेब नाही, पण ज्याच्याविरुद्ध काढलं त्यानं ते वाचून, तपासून, दुरुस्त करून अमलात आणलं, असं एकदाच घडलं.

गयाकाकू, म्हणजे तात्यांच्या घरच्या, उंबऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, पायऱ्या तर फोडल्या. आता मी उतरू कशी?"

"मोजून देतो."

उंबरा जमिनीपासून वीस इंच. तात्यांनी लोखंडाचं स्टूल वेल्डिंग करून आणलं, बरोब्बर दहा इंचांचं. दोन सारख्या पायऱ्या झाल्या, काम फत्ते. काकूंनी उतरताना त्यावर पाय ठेवला, धरायला काही नसल्यानं सगळा भार एका गुडघ्यावर आला, गुडघा धरून 'आई गं' केलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साऱ्या जगाचं माप घेतो हा मानूस. माझ्या गुडघ्याचं तेवढं राह्यलं."

सगळी गल्ली हसली. तात्या हसले. मीही हसले, आणि ते मला आज आवडत नाही.

तात्या वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये डाय फिटर होते. पत्रा ज्या साच्यात दाबला की गाडीचा भाग होऊन बाहेर पडतो, तो साचा म्हणजे डाय. तात्यांकडं जुन्या गेंड्याच्या मडगार्डाचा साचा होता. निवृत्त होईपर्यंत तो त्यांनी सांभाळला, घासला, पॉलिश केला. पुढच्या चाकांवरची ती दोन रुंद, सपाट, टेबलासारखी मडगार्डं ही गेंड्याची ओळख, आणि ती तात्यांच्या हाताखालून गेलेली. कंपनीच्या कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नसेल. म्हणून असेल, तात्या रस्त्यात दिसेल त्या गेंड्याच्या मडगार्डावरून तळवा फिरवत. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

एकदा उस्मानपुऱ्यात एका पुढाऱ्याचा गेंडा उभा होता. आत पुढारी फोनवर, बाहेर दोन अंगरक्षक. तात्यांनी जाता जाता उजव्या मडगार्डावरून हात फिरवला, मान डोलावली, वळसा घालून डाव्यावर फिरवला आणि थबकले. पुन्हा फिरवला. अंगरक्षक धावून आला. "ओ काका, हात काढा!"

"हे आमचं नाय," तात्या म्हणाले.

"तुमचं कसं असंल? साहेबांची गाडी हाय!"

"साह्यबाचं बी नाय. डुप्लिकेट हाय. काठावर लाट येती. आमच्या डायला लाट येत नाय." आणि पट्टी काढून ते मडगार्डाच्या काठाला लावून दाखवायला लागले.

काच खाली झाली. पुढाऱ्यानं ऐकलं, पट्टीखालची फट पाहिली आणि मग ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरला अचानक घाम फुटला. ओरिजिनल मडगार्ड विकून त्या जागी बाजारातलं बसवल्याचं त्यानं तिथंच कबूल केलं. पुढारी तात्यांना म्हणाला, "काका, आमच्या पक्षात या." तात्या म्हणाले, "तुमच्यात मोजायला कोन हाय?" हा प्रश्न मी त्यानंतर तीन वेगवेगळ्या पत्रकांत वापरला आहे.

सकाळी साडेसहाला तात्यांचा चहा गेंड्याच्या मडगार्डावर. कपबशी त्या सपाट पत्र्यावर ठेवायची, शेजारी पेपर पसरायचा आणि उभ्यानं चहा प्यायचा. घरात टेबल होतं. पण तात्यांच्या मते ते टेबल बाजारातून आणलेलं होतं, हे त्यांनी केलेलं होतं.

माझ्याशी त्यांची दोस्ती त्या मडगार्डापाशीच झाली. मला ते 'पत्रक' म्हणत. "ए पत्रक, आज कुनावर?" मी सांगायची. ते विचारायचे, "मोजलं?" मी नाही म्हटलं की पुढं ऐकायचे नाहीत. 'आधी मोज, मग बोंबल' हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. मोठ्या गाड्या म्हणजे मिरवायची हौस, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. "असंल," ते म्हणाले. "पन मडगार्ड झ्याक हाय का नाय?"

आता काकूंचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथं अडली होती.

काकूंची धाकटी बहीण कन्नडच्या पुढं डोंगराच्या कुशीत एका वाडीत राहते. शेळ्या आणि थोडी कपाशी. त्या वाडीला रस्ता नाही. दोन ठिकाणी नाला, मधे खडकाचा चढ. रिक्षा जात नाही, साधी कार जात नाही. गेंडा जातो. (रस्ता का नाही, यावर माझं स्वतंत्र पत्रक आहे.) म्हणजे बहिणीकडं जायचं तर काकूंना गेंड्यात बसणं भाग, आणि गेंड्याचा तळ जमिनीपासून सव्वीस इंच, मधे पाय ठेवायला काही नाही. म्हणून ते दहा इंची स्टूल गाडीतही जायचं. तात्या उतरून स्टूल मांडणार, काकू स्टुलावर चढणार, मग दाराच्या कडीला लोंबकळून वर. एका पावसाळ्यात नाल्याकाठी स्टुलाचे पाय चिखलात रुतले, स्टूल खाली गेलं आणि काकू दाराला देवळातल्या घंटेसारख्या लटकल्या. तात्या धावले खरे, पण धावता धावता म्हणाले, "थांब, किती रुतलं बघतो." तेव्हापासून काकूंनी शपथ घेतली: त्या मचाणावर मी चढणार नाही. दोन वर्षं झाली, बहिणीची भेट नाही. फोनवर दोघी बोलायच्या, आणि वाडीत रेंज नसल्यानं बहीण टेकडीवर चढून बोलायची.

"तात्या, गाडीला खाली एक पायरी बसवून घ्या ना," मी एकदा म्हटलं. "बाजारात मिळते. दोन भोकं पाडली की झालं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या कपाळाला ड्रिल लावायला सांगितलं होतं.

"ओरिजिनल बॉडीला भोक?"

आतून काकूंचा आवाज आला, "गाडीला भोक नको, माझे गुडघे झिजू द्या."

आणि मग नवा गेंडा आला. आधी नुसते फोटो आले. एका संध्याकाळी सगळ्या शहराचे फोन एकदम वाजले. चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, कंपनीच्या गेटवर, सगळीकडं एकच विषय. कुणी म्हणे डोळे बारीक केलेत, झोपेतून उठल्यागत दिसतो. कुणी म्हणे छताला खिडकी कशाला, आभाळ बघायला गेंडा घेतला का आम्ही? आमच्या गल्लीतला एक कामगार, ज्याच्याकडं सायकलसुद्धा नव्हती, तो दोन दिवस जेवला नाही म्हणे. पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदाच येतो, त्याविरुद्धच्या अर्जावर सहीला दार वाजवलं तर माणसं दार उघडत नाहीत. पण गेंड्याचे दिवे गोलाचे लांबट झाले तर अख्खं शहर पेटून उठतं! याचा मी तेव्हा जाहीर निषेध केला होता. तो अजून मागं घेतलेला नाही.

तात्यांनी मात्र फोटो मोठा करून, फोन आडवा धरून, पट्टी लावून पाहिला. "फोटूत माप कळत नाय," एवढंच बोलले.

गाडी शोरूमला आली त्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. हातात पिशवी. पिशवीत थर्मास, कपबशी आणि टूलरूममधला जुना कोनमापक. तिथला टाय घातलेला पोरगा अदबीनं पुढं आला. तात्यांनी काचेसारख्या चकचकीत नव्या मडगार्डापुढं थर्मास उघडला, कप भरला, बशीत ठेवला आणि बशी मडगार्डावर ठेवली.

कप क्षणभर थांबला. मग बशीसकट तो निघाला, आधी सावकाश, मग ठरवून. तात्यांनी खाली हात धरलेलाच होता. त्यांना माहीत असावं.

"सर, आत कप होल्डर आहेत," पोरगा घाईनं म्हणाला. "सहा दिलेत!"

"मी आत बसून चा प्यायला आजारी हाय का?" तात्या म्हणाले. कोनमापक लावला. "बारा अंश. बारा अंश उतार दिला बघ." कोनमापक पिशवीत टाकला. "टेबल होतं. घसरगुंडी केली."

त्याच आठवड्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा, संजूचा फोन आला. नव्या गेंड्याला खाली पायरी येते, आईला चढता येईल, बुक करतो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ती घसरगुंडी माझ्या दारात उभी राह्यची नाय." फोन ठेवला. काकू भाकरी थापत होत्या. त्या दिवशीची भाकरी फार जोरात थापली गेली.

कंपनीनं जुन्या गाड्यांच्या मालकांना जालना रोडवरच्या एका लॉनवर बोलावलं. नव्या गाडीबद्दल प्रतिक्रिया सांगा, वरच्या साहेबांपर्यंत पोचवू, आणि दुपारचं जेवण. तात्या तडक माझ्याकडं आले.

"पत्रक, एक पत्रक लिव्ह."

"तात्या, मी मोठ्या गाड्यांच्या विरोधात आहे."

"मंग चांगलंच हाय. विरोधच करायचा हाय."

मी अट घातली: उस्मानपुऱ्यातले सगळे फूटपाथ मला मोजून द्यायचे. त्यांनी दोन दिवस उन्हात फिरून ते दिले, मधे खांब आला तर त्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा वेगळा. मी बसले लिहायला. 'सपाट मडगार्ड हा जनतेचा हक्क आहे!' तात्यांनी वाचलं.

"जनता किती?"

"तात्या, तशी पद्धत असते."

"मोजली?" त्यांनी 'जनता' खोडली. मग 'हक्क' खोडलं. मग उद्गारचिन्ह खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'मी शेषराव, डाय फिटर. जुन्या मडगार्डाचा उतार शून्य होता. नव्याचा बारा अंश आहे. कप थांबत नाही. खुलासा करावा.'

रशीदभाईंनी छापून कागद हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. "ये हुआ पर्चा!" म्हणाले. "मार्जिन देखो!"

लॉनवर शे-दीडशे माणसं. मधोमध फुलांच्या माळा घातलेला नवा गेंडा, दारं सताड उघडी. प्रत्येकाला एक फॉर्म दिला होता, त्यावर पाच तोंडं काढलेली: रडकं ते हसरं. आवडेल त्या तोंडावर खूण करायची. तात्यांनी तो उलटसुलट पाहिला. "ह्याच्यात माप कुठं लिव्हायचं?"

काकूही आल्या होत्या. जेवण आहे म्हणून, असं म्हणाल्या. स्टूल बरोबर होतंच. रिक्षातून उतरायलाही ते लागायचं.

पहिलं भाषण गेंडा ग्रुपच्या, म्हणजे गेंडामालकांच्या मंडळाच्या, बाळूशेठचं. हा माणूस प्लॉटिंगच्या धंद्यातला, गाडीच्या काचेवर मागं 'रस्ता बाजूला हो' असं लिहिलेलं. त्यानं माईक हातात घेतला आणि गरजला:

"अरे, ही मर्दाची गाडी होती! हिच्यात चढायला मांडीत जोर लागायचा! आता काय केलंय? पायरी लावलीय, पायरी! कुनीबी यावं आन बसावं! बायकांची गाडी करून टाकली राव!"

टाळ्या. शिट्ट्या. मी उठलेच. माझ्याकडं या विषयावर पूर्ण परिच्छेद तयार असतो. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात कर्कश हॉर्न वाजला. एवढा मोठा की बाळूशेठनं माईकच खाली घेतला.

सगळ्या माना वळल्या. नव्या गेंड्यात, ड्रायव्हरच्या जागेवर, गयाकाकू. नऊवारीचा काठ सावरत, दोन्ही हात स्टीअरिंगवर.

"दाबलं गेलं," काकू म्हणाल्या. मग बाळूशेठकडं बघून, "भाऊ, तुमचं खरं हाय बरं का. बायकांचीच हाय. मी चढले ना."

मंडप हसला, पण आता वेगळ्या बाजूनं. शोरूममधला तो टाय घातलेला पोरगा लांबच्या खुर्चीखालून लोखंडी स्टूल उचलून आला. "मावशी, हे तुमचं राहिलं का?"

"माझं नाय. ह्यांचं हाय," काकूंनी तात्यांकडं बोट केलं. "त्यान्ला द्या."

तात्या स्टूल हातात घेऊन उभे राहिले. मग ते खाली ठेवून गाडीपाशी गेले आणि वाकले. टेप लावला. जमिनीपासून पायरी: चौदा इंच. पुन्हा लावला. चौदाच. त्यांनी वर पाहिलं.

"उतर जरा."

"नाय उतरत. आत्ता तर चढले."

"उतर गं. पुन्हा चढ. बघू दे."

काकू दार धरून उतरल्या. तात्या त्यांच्या पायाशी बसले, टेपचं टोक मातीला टेकवून. दीडशे माणसांसमोर.

"पाय उचल. दुखायच्या आधी थांब."

काकूंनी पाय उचलला. आणखी थोडा. थांबल्या. तात्यांनी पट्टी आडवी धरून आकडा वाचला. "साडेचौदा."

"आज इचारलं," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता, टोमणाही फारसा नव्हता. तारीख सांगावी तसं सांगितलं.

तात्यांनी टेप गुंडाळला. त्यांच्या खिशात माझी पत्रकं होती. मला भीती वाटली, हा माणूस आता काय करणार? या मडगार्डापायी त्यानं मुलाचा फोन ठेवला होता, इतक्या वर्षांच्या हातकामाबद्दल वरपर्यंत बोलण्याची त्याला ही एकच संधी होती, आणि तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं.

तात्या माईकपाशी गेले. पट्टी खिशात ठेवली, पुन्हा काढली.

"मी शेषराव, डाय फिटर. नव्या मडगार्डाचा उतार बारा अंश हाय. ते चूक हाय. कप थांबत नाय. हे एक." ते थांबले. "दुसरं. जुन्या गाडीचा तळ सव्वीस इंच. मधी पायरी नाय. नव्या गाडीची पयली पायरी चौदा इंच. आमच्या घरच्यांचा पाय उचलतो साडेचौदा. अर्धा इंच शिल्लक राह्यतो." पट्टी परत खिशात ठेवली. "जुन्या गाडीला पायरी मीच बसू दिली नाय. ती बी चूक हाय. ती माझी. संपलं."

बाळूशेठ मागून ओरडला, "तात्या, तुम्ही नेमके कोनाच्या बाजूनं?"

"पट्टीच्या," तात्या म्हणाले आणि येऊन बसले.

फॉर्मवरच्या पाचही तोंडांना त्यांनी हात लावला नाही. कडेच्या रिकाम्या जागेत लिहिलं: 'मडगार्ड नापास. पायरी पास.' जेवताना काकूंनी दोनदा जिलेबी मागितली. मग तात्यांनी माझा फोन मागितला आणि पुण्याला लावला. "संजू, ती घसरगुंडी कर बुक," म्हणाले. "रंग पांढरा सांग. तुझी आई म्हनती."

गाडी आली. गल्लीत ती उभी राहायला जागा नव्हती, म्हणून तात्यांनी जुना गेंडा बहिणीच्या वाडीला नेऊन ठेवला. तो तिथं चारा वाहतो. मग काकू महिन्यातून एकदा वाडीला जायला लागल्या, मग आठवड्यातून, आणि वर्षभरात दोघांनी बजाजनगरचं घर भाड्यानं देऊन तिकडंच बस्तान हलवलं. जाताना तात्या मला फूटपाथांची वही देऊन गेले. मडगार्डाबद्दल कंपनीकडून खुलासा काही आला नाही. मी दोन स्मरणपत्रं पाठवली आहेत. तिसरं तयार आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. वाडीच्या रस्त्याच्या प्रश्नावर बैठक होती म्हणून मी एसटीनं कन्नडला चालले होते. वेरूळ ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला एक टपरी लागते, आणि तिथल्या गतिरोधकांवर बस अगदी सावकाश होते. तिथं पांढरा गेंडा उभा. दार उघडं, आणि खालच्या पायरीवर, आमच्या गल्लीत बायका दारापुढच्या पायरीवर बसतात तशा, गयाकाकू बसलेल्या. पाय जमिनीवर, बशीत चहा, शेजारी बहीण. दोघी एकाच वेळी बोलत होत्या.

तात्या पुढं मडगार्डापाशी होते. त्या उतरत्या पत्र्यावर त्यांनी बाभळीच्या लाकडाची एक पाचर ठेवली होती. एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड, खाली कापड चिकटवलेलं, म्हणजे रंगाला ओरखडा नको. पाचरीवर बशी, बशीत कप. आणि तात्या कमरेत वाकून, एक डोळा मिटून, कपाच्या काठाच्या पातळीत डोळा आणून बघत होते.

मी खिडकीतून ओरडले, "तात्या! ओ तात्या!" त्यांनी नुसता हात वर केला. थांब, बघू दे.

कप अगदी सपाट होता, चहा चारी बाजूंनी काठाला सारखा होता, असं मला वाटलं. मोजलं का, असं विचाराल तर नाही मोजलं. बस थांबली नाही.